धुक्याचं माप

३ मार्च

मला समितीवर घेतलं! खरंच घेतलं. उन्हाच्या निवाऱ्यातल्या खाटांवरच्या चादरी झटकत होते तेव्हा फोन आला. "उन्हानं आजारी पडलेली माणसं तुम्ही रोज बघता. तसं कोणीतरी हवं." मी म्हटलं, मला ढगांतलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणे, "बाकीच्यांना माणसांतलं कळत नाही. फिट्टंफाट."

घरी येऊन आईला समजावून सांगितलं. बोटी समुद्रावर जाणार. समुद्राचंच पाणी अगदी बारीक तुषार करून वर उडवणार. त्यातलं मीठ खालच्या ढगांत शिरणार, ढग जास्त पांढरे होणार, ऊन परत फेकणार — आणि गावाकडे येणारा वारा थोडा गार होणार. फक्त आपल्या किनाऱ्यापुरतं. या उन्हाळ्यात चाचणी, मग निर्णय.

आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे ढगांना पावडर लावणार."

खूप हसलो दोघी. नंतर मात्र ती खिडकीजवळची बाई आठवली. गेल्या मे महिन्यात निवाऱ्यात आली, "जरा बसते" म्हणाली, आणि बसल्याबसल्याच गेली. मी तिच्यासाठी पाणी ओतत होते. माझी पाठ होती तिच्याकडे.

घरात आम्ही दोघीच आहोत, आई आणि मी. आईचं हृदय तसलंच. डॉक्टर म्हणतात, हिला उन्हाळे जपून काढायला हवेत. जपून म्हणजे कसे, ते त्यांनाही सांगता येत नाही.

थोडं तरी गार व्हावं. एवढंच.

६ मार्च

पहिली बैठक. बंदराच्या कचेरीतला वरचा मजला, लांब टेबल, आणि एसी इतका की स्वेटर न आणल्याचा पश्चात्ताप झाला. उन्हाचे निर्णय कुडकुडत घ्यायचे!

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. सगळ्यांना 'आपण' म्हणतात, चहा आणणाऱ्यालाही. ढगांवर संशोधन करणारी एक बाई आहे, पस्तिशीची असेल, नखं खाते. मनातल्या मनात तिला ढगवाली म्हणायला लागले. एक गणिती आहेत — भुवया कायम वर, जगानं आत्ताच काहीतरी चुकीचं सांगितल्यासारख्या. बाकी मासेमारीवाले, बंदरवाले, हॉटेलवाले, आरोग्य खात्याचे.

नियम वाचून दाखवले. बोटी रोज जातील, पण फवारणी रोज नाही. काही दिवस नुसत्याच जाऊन येतील. कुठल्या दिवशी काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार आणि ते फक्त गणितींना ठाऊक असणार. म्हणजे 'आज फवारणी आहे' म्हणून कोणाला उगाच गार वाटायला नको. शेवटी सगळं उघडून ताडून बघायचं. हे मला आवडलं. प्रामाणिक वाटलं.

भिंतीवर नकाशा होता. त्यावर लाल रेषा. आतल्या भागाला बाधित क्षेत्र म्हणायचं. आतल्या लोकांना हरकत घेता येते, बाहेरच्यांना नाही. आणि समितीतल्या कोणाचं जवळचं माणूस आत राहत असेल, तर त्यानं निर्णयाच्या वेळी मत द्यायचं नाही. आमचं गाव मात्र लाभ होणाऱ्यांत. त्यामुळे आम्हाला मत आहे. ज्यांचं भलं होणार त्यांनी हात वर करायचा, ज्यांचं वाईट होणार त्यांच्या नातलगांनी बाहेर बसायचं — हे जरा उलटंच नाही का? विचारलं नाही. पहिलाच दिवस.

आणि कोणी काही बोललं नाही, तर संमती आहे असं धरायचं.

मी भीत भीत हात वर केला. म्हटलं, माझी मोठी बहीण मागच्या डोंगरावर राहते. न्यायाधीशांनी चष्मा लावला, नकाशाजवळ गेले, बोट ठेवलं. "ती वस्ती रेषेबाहेर आहे. आपण निश्चिंत असा." रेषा पावसावरून काढलीय म्हणे. पावसात जिथे फरक पडेल, तेवढाच भाग आत. डोंगरावर फरक पडणार नाही.

झाले मी निश्चिंत.

९ मार्च, रविवार

रविवार म्हणजे ताईशी फोन. समितीचं सांगितलं.

"समुद्राचं मीठ समुद्रावरच टाकायला एवढी मोठी माणसं लागतात?"

"अगं, ढगांत टाकायचंय."

"तू काय करणार तिथे, चिमे?"

"माणसांचं सांगणार."

"मग आमचंही सांग."

"तुम्ही रेषेबाहेर आहात."

"बरंय. आम्ही बाहेरच बरे."

ताईकडे पाऊस जवळजवळ नाहीच. पण सकाळी समुद्रावरचे ढग डोंगराला येऊन टेकतात. वस्तीनं कड्यावर उंच खांब रोवून मोठमोठ्या जाळ्या ताणल्यात. धुकं जाळीतून जातं, थेंब धाग्यांना अडकतात, ओघळून पन्हळीत येतात, पन्हळीतून टाकीत. साऱ्या वस्तीचं पाणी तेवढंच. भावोजी जाळ्या सांभाळायचे. ते गेल्यापासून ताई सांभाळते. फाटलं की शिवायचं, पन्हळी पुसायच्या. पहिल्यांदा गेले होते तेव्हा जाळीखाली उभी राहिले होते. खांद्यावर टपटप. वर ढग नाही, पाऊस नाही, नुसतं पांढरं — आणि पाणी! लहान मुलीसारखी हसत सुटले होते.

१ एप्रिल

चाचणी सुरू. निवाऱ्यात आज पहिल्यांदा सगळ्या खाटा भरल्या. घड्याळजी — घड्याळं दुरुस्त करायचे, आता हात थरथरतात, पण तोंड नाही — खाटेवरूनच ओरडले, "एक एप्रिलचा दिवस बरा शोधलात! आम्हाला लावून झाला, आता ढगांना चुना लावणार?"

सगळा हॉल हसला. मीही. ओल्या चादरी खिडक्यांना लावता लावता आकाशाकडे बघत होते. ढग ढगांसारखेच होते.

५ एप्रिल

घरी आले तर आई खिडकीत. "आज चालू होतं बघ तुझं."

"काय चालू?"

"ते पावडरीचं. आज गार आहे. कालच्यापेक्षा नक्की."

मला तर काही जाणवलं नाही. पण मी दिवसभर कूलरच्या आवाजात असते, माझ्या अंगाचा काय भरवसा! आईचा चेहरा खरंच निवल्यासारखा दिसत होता. इतकं बरं वाटलं की चहाच्या आधी तिचे पाय चेपत बसले.

६ एप्रिल, रविवार

ताई वैतागलेली. "धुकं येतंय गं. दाट येतंय, पांढरंशुभ्र. हातभरावरचं दिसत नाही. पण जाळीला काही लागतच नाही. काल टाकीत पेलाभर पाणी नव्हतं." जाळ्यांवर धूळ बसली असेल म्हणून सगळ्या उतरवून धुतल्या तिनं. एकटीनं.

१४ एप्रिल

आई आज पुन्हा "चालू होतं" म्हणाली. कालही. परवा मात्र "नाही बाई, आज काही नाही." इतकी ठाम! बैठकीत सहज सांगितलं तर गणिती म्हणाले, "आईंनाच समितीवर घ्या, यंत्रांचा खर्च वाचेल." पण ढगवाली म्हणाली, फरक असला तरी तो अंगाला कळण्याइतका नसणार. नसेल तिच्या अंगाला. जिच्या छातीत धडधडतं तिला कळत असेल.

आईचा फोन पुन्हा संपलेला. दिवसभर करते काय कोण जाणे! "गाणी ऐकते" म्हणाली. तिची उशी सारखी करायला गेले तर खाली टॉवेल, ओला. "तोंड धुतलं होतं मघाशी." पदर छातीपाशीही ओलाच. उशीखाली कोण ठेवतं ओला टॉवेल? म्हातारपण, दुसरं काय.

२० एप्रिल, रविवार

ताई रडली नाही, पण आवाज तसा होता. एक दिवस टाकी भरते, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. वस्तीत आता बोलायला लागलेत. शेजारीण तोंडावर म्हणाली, "वहिनी, जमत नसेल तर सांगा, दुसऱ्या कोणाला तरी देऊ काम." भावोजींच्या मागं तिला तेवढंच तर काम उरलंय. त्या जाळ्यांशी ती बोलते, मला माहीत आहे.

"धुकं तेच, वारा तोच, जाळी तीच," म्हणाली. "मग माझ्याच हाताला काय झालं गं?"

मी म्हटलं, काही नाही झालं. आणि म्हणताना आमच्या बोटी डोळ्यांसमोर आल्या.

२१ एप्रिल

आज चहाच्या वेळी ढगवालीला बाजूला घेतलं.

"मीठ टाकल्यावर ढगातल्या थेंबाचं काय होतं?"

ती खुशीत आली, कोणी विचारतच नाही तिला. "पाणी तेवढंच राहतं, पण जास्त कणांवर वाटलं जातं. थेंब जास्त होतात आणि बारीक होतात. म्हणून तर ढग पांढरे दिसतात!"

"आणि बारीक थेंब जाळीला अडकतो?"

"नाही, तो वाऱ्याबरोबर धाग्याला वळसा घालून निघून..." नखावरचे दात थांबले. "कुठली जाळी?"

सांगितलं.

तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, "डोंगरावर आमचा पर्जन्यमापक आहे."

"तो कोरडाच असतो ना?"

"नेहमीच. म्हणूनच तिथे फरक शून्य आला."

पाऊस नाही, म्हणून पावसात फरक नाही. फरक नाही, म्हणून रेषेबाहेर. धुक्याचं माप कोणी घेतलंच नव्हतं. कोणाच्या मनात खोट नव्हती. सगळे पाऊस मोजणारे. त्यांनी पाऊस मोजला.

२२ एप्रिल

दिवसभर एकच विचार. मी समितीत बोलले आणि ताईची वस्ती रेषेच्या आत आली, तर त्या क्षणी ताई माझं 'बाधित क्षेत्रातलं जवळचं माणूस'. माझं मत गेलं. नाही बोलले, तर मत आहे, पण वस्ती नाही.

आणि मत असलं तरी देणार काय?

संध्याकाळी आई म्हणाली, "आज गार आहे गं. छान आहे." तिच्या हातावरच्या निळ्या शिरा बघत बसले.

२७ एप्रिल, रविवार

ताईला सगळं सांगितलं. तिचा हात नाही, आमच्या बोटी असतील बहुतेक. वाटलं होतं चिडेल. ती म्हणाली, "हुश्श."

मग म्हणाली, "म्हणजे माझं शिवण बरोबर होतं."

रोज सकाळी वस्तीच्या ग्रुपवर निरोप येतो — आज पाणी सुटेल, नाहीतर आज पाणी नाही. ते सगळे मला पाठव म्हटलं. आणि आईला यातलं काही सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेते. "आईला?" तिनं विचारलं. मग "बरं," म्हणाली.

४ मे

घड्याळजी गेले.

निवाऱ्यात यायला निघाले होते. वाटेत दुकानाच्या पायरीवर टेकले. तिथेच. मला बोलावून नेलं तेव्हा कोणीतरी डोक्यावर पाणी ओतत होतं, आणि ते पाणी पायरीवर पडताच वाळत होतं. मनगटावर घड्याळ. चालू.

आठ दिवसांमागे म्हणाले होते, "बाई, ढग पांढरे झाले की सांगा, मीही जरा केस काळे करतो."

घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं केसांतून हात फिरवला. आज ती म्हणाली नसती तर बरं झालं असतं, पण म्हणाली — "आज चालू होतं, चिमे. गार होतं."

गार होतं?

११ मे, रविवार

आज कशात मन नाही. ताईचा फोन मीच घाईत संपवला.

१९ मे

बैठक. मी बोलले नाही. तोंड उघडलं होतं, पण मासेमारीवाले आणि हॉटेलवाले फवारणीच्या वासावरून भांडत होते — मिठाला वास असतो का यावर तासभर! न्यायाधीश म्हणाले, "कोणाची हरकत नाही असं मी समजतो." ढगवालीनं टेबलापलीकडून माझ्याकडे बघितलं. मी पेन शोधायला लागले.

तीही बोलली असती की. पण तिनं पुरावा हवा म्हटलंय. चिठ्ठ्या उघडल्याशिवाय काय सांगणार, कुठल्या दिवशी जाळ्या का कोरड्या.

हे खरं आहे. आणि मला सोयीचंही आहे.

३१ मे

चाचणी संपली. आई म्हणाली, "आता बंद का?" आवाजात सुटका होती की दुःख, कळलं नाही.

१० जून

गणितींनी आज सगळं उघडलं. पडद्यावर दोन रंगांच्या रेघा, फवारणीच्या दिवसांची एक, नुसत्या दिवसांची एक. गावातलं तापमान. दोन्ही रेघा एकमेकींत अशा गुंतलेल्या की वेणी घातल्यासारख्या.

"फरक आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"असेलही. नसेलही," गणिती. "असलाच तर हवेच्या नेहमीच्या लहरीपणापेक्षा लहान. एवढ्या छोट्या किनाऱ्यावर, एका उन्हाळ्यात, याहून जास्त सांगणं म्हणजे थाप मारणं."

ढगवालीनं मान खाली घातली. तिची इतक्या वर्षांची मेहनत. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला.

मग ठराव: निष्कर्ष नाही, तेव्हा आणखी एक उन्हाळा चाचणी. परवा मंजुरी. कोणी बोललं नाही तर संमती.

११ जून

गणितींनी सगळ्यांना दिवस पाठवलेत. सकाळपासून टेबलावर बसून तेच.

आधी ताईचे निरोप. 'आज पाणी नाही' — फवारणी. 'आज पाणी सुटेल' — नुसत्या बोटी. 'पाणी नाही' — फवारणी. पुन्हा पहिल्यापासून ताडलं. क्वचित एखादा दिवस चुकतो, वारा फिरला असेल. बाकी सगळं जुळतं! लाखांची यंत्रं गोंधळली आणि ताईच्या जाळ्यांना जवळजवळ प्रत्येक वेळी कळलं.

मग हीच रोजनिशी मागं मागं चाळली. आईचे दिवस. 'आज चालू होतं.' तेही जुळले!! ५ एप्रिल. १३, १४. २२. सगळे. आईला खरंच कळत होतं. यंत्राला नाही, माझ्या आईला कळलं. म्हणजे गार होतं. थोडं का होईना, तिच्यापुरतं, होतं!

घड्याळजींचा दिवसही चालूच होता. तरी गेले. त्यावर जास्त विचार केला नाही.

मला आता दोन्ही हवंय. ताईची वस्ती रेषेच्या आत यायला हवी, त्यांना बोलता यायला हवं, काहीतरी वाट काढायला हवी — दुसरी जाळी, दुसरे दिवस, काहीही. आणि आईचं गारही राहायला हवं. एवढं मागणं जास्त आहे का?

उद्या बोलणार.

१२ जून

बोलले.

आधी नीट चाललं. ताईचं सांगितलं, वस्तीचं, जाळ्यांचं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे आपल्या मते ती वस्ती बाधित क्षेत्रात यायला हवी." होय. "मग आपल्याला मतदानात भाग घेता येणार नाही. कल्पना आहे ना?" होय. "नोंद घ्या. वस्ती रेषेच्या आत."

वाटलं, झालं! एवढं सोपं होतं तर!

मग गणितींनी ताईच्या निरोपांतले पाण्याचे दिवस त्यांच्या यंत्रात घातले. पडद्यावर दोन रेघा आल्या. वेणी नाही. एक वर, एक खाली, मधे मोकळं आकाश.

"हे तर..." बंदरवाले म्हणाले. "म्हणजे हे काम करतं!"

सगळे एकदम बोलायला लागले. ढगांत फरक पडतो, हे सिद्ध झालं. पुरावा मिळाला. इतके दिवस पुरावाच नव्हता. आरोग्यवाले उठून माझ्याशी हात मिळवायला आले. हात मिळवायला! ढगवाली ओरडली, "थेंब बारीक होतात एवढंच सिद्ध झालंय, गाव गार होतं हे नाही!" हॉटेलवाले म्हणाले, "बाई, तुम्हीच तर रडत होता फरक दिसत नाही म्हणून." ती पुन्हा नखं खायला लागली.

मी म्हटलं, अहो, पण त्यांचं पाणी? मासेमारीवाले म्हणाले, "टँकर देऊ की. एवढीशी वस्ती." एवढीशी. खरंच एवढीशीच आहे.

ठराव बदलला. चाचणी नाही, कार्यक्रमच. उरलेला उन्हाळा रोज फवारणी, पुढच्या वर्षापासून कायम. मी बाहेरच्या बाकावर बसले. समान मतं पडली. न्यायाधीशांनी आपलं मत 'होय'च्या बाजूनं दिलं. दार उघडून मला म्हणाले, "आपल्या बहिणींमुळे फार मोठं काम झालं. त्यांना कळवा." मनापासून म्हणाले. तेच जास्त लागलं.

माझं एक मत असतं तर... असं म्हणायचं, पण इथे खोटं कशाला लिहू? आत असते तर मी काय केलं असतं? ताई डोळ्यांसमोर आली असती, मग आईचा तो निवलेला चेहरा. बहुतेक 'होय'च म्हणाले असते. बाकावर बसले होते तेव्हा वाईट वाटत होतं आणि त्याच्या खाली कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. निवडायला लागलं नाही.

१३ जून

ताईला सांगायचं धाडस झालं नाही.

१५ जून, रविवार

सांगितलं. ती म्हणाली, "मी तुला पाठवलेले निरोपच ना ते?"

हो.

"बरं." मग, "आई बरी आहे ना? गार आहे ना तिकडे?"

हो, म्हटलं. आई म्हणते गार आहे.

"मग झालं तर."

२२ जून, रविवार

टँकर येतो, येत नाही. आला तर वळणापर्यंतच, वर चढत नाही. निम्मी वस्ती डोंगर उतरून निघून गेली. मोजमापासाठी कड्यावर एक जाळी मात्र राहू द्या असं समितीनं कळवलंय म्हणे. पाणी न मिळणारी जाळी, नीट सांभाळून ठेवायची!

ताईला म्हटलं, इकडे ये. आई आहे, मी आहे. "बघते" म्हणाली. ती कधी 'बघते' म्हणत नाही, एकतर हो म्हणते नाहीतर नाही.

आई रोज म्हणते, गार आहे. मी रोज ऐकते. तेवढ्यावरच चाललंय माझं.

२९ जून, रविवार

ताई आली. एक पिशवी, एक दाभण, आणि जाळीचा एक तुकडा, गुंडाळलेला. आईनं तिला जवळ घेतलं तेव्हा दोघींपैकी कोण कोणाला धरून उभं होतं, कळेना.

ताई खूप वाळलीय.

३ जुलै

आज समुद्र खवळलेला. बोटी गेल्या की नाही, कोणालाच माहीत नाही. आल्या आल्या रोजच्यासारखं आईला विचारलं, "आज चालू होतं का गं?"

आईनं ताईकडे बघितलं. ताई खाली बसून जाळीचा तुकडा शिवत होती.

"मला काय कळतंय?" आई म्हणाली. "दुपारी ही फोन करायची. धुकं पावडर लावल्यासारखं पांढरं, पण पाणी नाही म्हणाली, की मी समजायची, तुझं चालू आहे."

"आणि गार वाटायचं ते?"

"एकीचं पाणी गेलं. म्हटलं, निदान दुसरीला तरी बरं वाटू दे."

तिच्या उशीखाली हात घातला. टॉवेल ओला होता.